गाठ मूळची कुठली

६ जानेवारी २०२५, सोमवार

राग मी विसरत नाही, पण तपशील विसरते. म्हणून आजपासून लिहून ठेवते आहे.

सकाळी आईला घेऊन नागपूरला गेले होते. इतके महिने औषध घेऊनही पोट पुन्हा फुगायला लागलं, म्हणून वर्ध्याला ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठींचे मेणात ठेवलेले तुकडे तिथल्या मोठ्या डॉक्टरांकडे आधीच दिले होते. गेल्या आठवड्यात त्यांनी आईची समजूत काढून, गुंगी देऊन, घशातून दुर्बीण घालून पोटही पाहिलं. आज निकाल होता. आईला बाहेर बाकावर बसवून त्यांनी मला आत बोलावलं.

आईचा कॅन्सर अंडाशयाचा नाहीच. तो जठराचा आहे. तिथून निघून दोन्ही अंडाशयांत जाऊन बसला, आणि जिथे बसला तेच त्याचं घर असं सगळे समजले. हे ओळखायचं कसं, असं मी विचारलं तर त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. अशा प्रकारची गाठ अंडाशयातच जन्मली असेल तर ती बहुधा एका बाजूला असते, चांगली मोठी होते आणि अंगाने गुळगुळीत असते. बाहेरून आलेली बहुधा दोन्हीकडे असते, लहान असते आणि वरून ओबडधोबड. आईच्या दोन्हीकडे होत्या, मोसंबीएवढ्या. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी अंगठीसारख्या दिसतात, आत चिकट पाणी भरलेलं आणि मधला ठिपका कडेला ढकललेला. वेगवेगळे रंग लावूनही त्यांनी पाहिलं. पेशींनी पोटाचा रंग धरला.

"अशा पेशी दिसल्या की आधी पोट तपासायचं असतं," ते म्हणाले.

"मग वर्ध्याला कसं कळलं नाही?"

"फसवतात ताई. भल्याभल्यांना फसवतात."

लवकर कळलं असतं तर काय, हेही मी विचारलं. औषध वेगळं दिलं असतं, थोडे महिने मिळाले असते कदाचित, पण आई बरी झाली असती असं मी म्हणणार नाही, असं त्यांचं उत्तर. डॉक्टर डॉक्टरची बाजू घेणारच. चोर चोर मावसभाऊ.

आईचे केस गुडघ्यापर्यंत होते. जुलैमध्ये ते मी माझ्या पार्लरच्या खुर्चीत, माझ्याच हाताने, मशीन लावून उतरवले. दुसऱ्याच रोगाच्या औषधासाठी.

सरिताला मी सोडणार नाही.

८ जानेवारी

सरिता म्हणजे डॉक्टर सरिता, वर्ध्यातली बायकांची डॉक्टर. दवाखान्याची पाटी इतकी मोठी की रस्त्याच्या पलीकडून वाचता येते. नालवाडीत आमची घरं समोरासमोर होती. तिची आई आनंदाबाई ती लहान असतानाच गेली, तेव्हापासून ती आमच्याकडे जेवली. माझ्या ताटाशेजारी तिचं ताट असायचं. आई तिची वेणी घालायची, माझी नंतर. तिचा डॉक्टरीला नंबर लागला तेव्हा आईनं गल्लीभर पेढे वाटले. मी ब्यूटिशियनचा कोर्स पास झाले तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं." एवढंच. पण हा विषय वेगळा. इथे लिहायचं कारण नाही.

गेल्या मे महिन्यात आईचं पोट फुगलं. सरिताकडेच नेलं, दुसरीकडे कशाला नेणार. तिनं सोनोग्राफी पाहिली आणि प्रश्न विचारायला लागली. भूक कशी आहे, जेवण कमी झालं का, जळजळ होते का, शी काळी होते का. आई बावरून गेली होती, म्हणून मीच उत्तरं दिली. आईची भूक चांगली आहे, दोन भाकरी खाते, तसला काही त्रास नाही. पटापट सांगितलं. बाहेर बायकांची रांग लागली होती.

जूनमध्ये ऑपरेशन झालं. मग दर तीन आठवड्यांनी तिच्याच दवाखान्यात बाहेरून येणारे कॅन्सरचे डॉक्टर सलाईनमधून औषध देत. ऑपरेशननंतर सरिता एकदा म्हणाली होती, दोन्हीकडे गाठी निघाल्या, एकदा पोटात दुर्बीण टाकून बघून घेऊ. आई म्हणाली, नळी नको. बाबांना नळी टाकली होती आणि आठवड्याभरात ते गेले, तेव्हापासून आईला नळीची धास्ती आहे. मीही म्हटलं नको. आम्ही काय डॉक्टर आहोत? तिनं जोर द्यायला नको होता? म्हणाली होती, पण जोर दिला नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

१३ जानेवारी

उद्या संक्रांत. हळदीकुंकवाचे दिवस सुरू, पिपरी मेघेतल्या सगळ्या बायकांना आजच भुवया करायच्या होत्या. दोरा लावला की बाई हलू शकत नाही आणि बोलू शकत नाही, फक्त ऐकू शकते. मी प्रत्येकीला सांगितलं. नाव घेऊन सांगितलं. माझ्याकडे मदतीला असलेली चंचल म्हणाली, "ताई, एवढं नका ना बोलू, त्यायच्या डोळ्यात पाणी येऊन राह्यलं." मी म्हटलं, ते दोऱ्यानं येतं.

संध्याकाळपर्यंत घसा बसला. आई घरी एकटीच होती. डाळीचं पाणी ठेवून गेले होते ते तसंच होतं.

१५ जानेवारी

सरिता घरी आली. न सांगता. नागपूरच्या डॉक्टरांनी तिला फोन केला होता म्हणे.

आईचा चेहरा असा उजळला की मला ते बघवलं नाही. "सरिता, ये व माय," म्हणून तिनं पलंगावर जागा केली. सरितानं तिचं पोट हलकेच दाबून पाहिलं, डोळे पाहिले, पायाची सूज पाहिली. मग आईच्या डोक्यावर जे बोटभर मऊ केस उगवलेत त्यावरून हात फिरवत बसली. मी म्हटलं, बाहेर ये.

अंगणात मी जे बोलायचं ते सगळं बोलले. शेजारी रूपरावकाका मोटर दुरुस्त करत होते, ते पाना हातात धरून थांबले. त्यांनी ऐकावं म्हणून मी आवाज मुळीच कमी केला नाही.

सरिता म्हणाली, "दोन्हीकडे गाठी दिसल्या तेव्हाच मी हट्ट धरायला पाहिजे होता गुंजन. मावशी नाही म्हणाली, तू नाही म्हणालीस, आणि मी ऐकलं. दुसरं कोणी पेशंट असतं तर मी ऐकलं नसतं. घरचं माणूस म्हणून ऐकलं. ही माझी चूक आहे."

"घरचं माणूस? तू आमच्या घरची नाहीस."

तिनं चपला पायात घातल्या. मग म्हणाली, "पोटातलं पाणी वाढून राह्यलं. दम लागला की मला फोन कर, मी येऊन काढून देईन. रात्र असो, काही असो."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. कबूल करणाऱ्या माणसाचं काय करायचं असतं ते मला येत नाही. ती गेल्यावर आई म्हणाली, "तिले चहा नाई देला?"

१७ जानेवारी

ओमप्रकाश वकिलांना भेटले. त्यांच्या बायकोचा नवरीचा मेकअप मी केला होता, त्या ओळखीवर. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

मी सांगितलं, सरितानं स्वतः कबूल केलं आहे. ते म्हणाले, अंगणातली कबुली कोर्टात टिकत नाही ताई. मग त्यांनी विचारलं, आईला पोटाचा काही त्रास होता का, आधीपासून? मी ठणकावून सांगितलं, काहीच नव्हता. ते खुर्चीत मागे टेकले.

"मग तर त्यायची बाजू मजबूत झाली. पेशंटले पोटाचा त्रासच नाई, तर डॉक्टर पोट काऊन पाहीन? त्रास होता, पेशंटनं सांगतला, अन् डॉक्टरनं कानामागं टाकला, असं असलं तर केस उभी राह्यते."

येताना बजाज चौकात गाडी बाजूला लावून बराच वेळ उभी राहिले. म्हणजे आईला त्रास असायला हवा होता.

१८ जानेवारी

होता. त्रास होता!

सकाळी आईला भाताची पेज भरवताना विचारलं. आधी नाही नाही म्हणाली. मग म्हणाली, मागच्या नाही, त्याच्याही आधीच्या दिवाळीपासून पोटात आग होत होती. अर्धी भाकर खाल्ली की पोट भरून यायचं. उरलेली ती गाईला घालायची, मला दिसू नये म्हणून. शी काळी व्हायची. किराणा दुकानातून सोड्याच्या पुड्या आणून पाण्यात टाकून प्यायची. त्या पुड्या कितीतरी वेळा मीच आणून दिल्यात, भजी करायला म्हणून मागायची.

"मले का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तर तू डॉक्टरकडे नेलं असतं. डॉक्टरनं नळी टाकली असती. तुह्या बाबाले टाकली तशी."

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू. मी विचारलं, मग सरितानं तुला विचारलं तेव्हा तू तिला हे सांगितलंस की नाही?

आईनं पदरानं तोंड पुसलं. "तू बोलून राह्यली होती ना," म्हणाली.

मी म्हटलं, ते सोड. मी पाणी आणायला बाहेर गेले होते तेव्हा? कधीतरी तुम्ही दोघीच असाल ना? आठव. आई म्हणाली, पेज गार झाली, राहू दे आता. थकली होती. हळूहळू आठवेल.

२७ जानेवारी

वकिलांनी दवाखान्यातून आईचे कागद काढले. पहिल्या दिवसाच्या कागदावर सरिताच्या अक्षरात लिहिलं आहे की भूक ठीक, जळजळ नाही, शी काळी नाही, माहिती मुलीने दिली. वकिलांनी त्या शेवटच्या शब्दांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बघा, स्वतःला वाचवायला कसं आधीच लिहून ठेवलं आहे.

ते म्हणाले, आता एकच उपाय आहे. आईनं स्वतः, आपल्या तोंडानं, कॅमेऱ्यासमोर सांगायला पाहिजे की मी डॉक्टरला सांगितलं होतं. आणि लवकर, कारण, म्हणून थांबले.

मी म्हटलं, तिला नीट आठवत नाही.

"मी खोटं सांगा म्हणत नाई ताई. आठवून सांगा म्हणतो."

३१ जानेवारी

रोज संध्याकाळी आईला आठवायला बसवते. मी सरिता होते आणि प्रश्न विचारते, तिनं उत्तर द्यायचं. आज म्हणाली, "गुंजन, हे राहू दे. तू उशीपाशी बस, डोक्याले तेल लाव." मी म्हटलं, आधी एकदा पूर्ण म्हणून दाखव. तिनं अर्धं म्हटलं आणि डोळे मिटले.

तेल लावायचं राहिलं.

४ फेब्रुवारी

सरिताच्या दवाखान्यात दुपारी बाकं रिकामी असतात म्हणे. चंचलची वहिनी तिथे सोनोग्राफीला जाणार होती, ती आता दुसरीकडे गेली. आज मला दुपारी झोप लागली, कितीतरी दिवसांनी.

आईला मात्र झोप नाही. पाठीला तीन उशा लावल्या तरी दम लागतो. पोट नगाऱ्यासारखं ताणलं आहे. गावातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं पाणी काढायला. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, मग म्हणाले, तुमची केस चालू होणार आहे असं ऐकलं, माफ करा, आम्ही हात नाही लावणार. तिसऱ्यांनी तर आतही घेतलं नाही. सगळे मिळालेले आहेत एकमेकांना.

आई रिक्षात म्हणाली, "सरिताले फोन लाव." मी नाही लावला. नागपूरला नेऊन काढून आणलं. जाता येता रस्त्यात हाल इतके झाले तिचे, की येताना तिनं सेलूच्या पुढे माझा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही. सरितानं हे इथेच, पलंगावर, अर्ध्या तासात केलं असतं. पण तिच्या हाताला आईचं अंग मी आता लागू देणार नाही.

७ फेब्रुवारी

आई काल काही न विचारता म्हणाली, "हे व्हिडिओचं झालं का तू घरी राहशील?"

मी म्हटलं, हो, मग मला काय काम आहे.

"पार्लरात? वकिलाकडं?"

"कुठेच नाही. तुझ्यापाशी."

"बरं," म्हणाली. "बोलाव मंग त्याले."

तिला पटलं आहे. शेवटी आई माझी आहे.

१० फेब्रुवारी

आज झालं. वकील आले, त्यांच्यासोबत कॅमेरा घेऊन एक जण आला. आईला मी पांढरी साडी नेसवली, डोक्यावरून पदर घेतला म्हणजे केस गेलेले दिसू नयेत. वकील म्हणाले, उलट दिसू द्या. मी पदर मागे घेतला.

मला भीती होती की ती अडखळेल. एकदाही अडखळली नाही. "धुरपता प्रेमदास, राहणार पिपरी मेघे," असं नाव सांगितलं आणि मग सरळ कॅमेऱ्याकडे बघून बोलत गेली.

"मी सरिताले पहिल्याच दिवशी सांगतलं. पोटात आग होते, भाकर जात नाई, शी काळी होते. पोरगी तवा पाणी आणाले बाहेर गेलती. सरिताचं ध्यान नव्हतं. ती फोनवर बोलून राह्यली होती. हसून राह्यली होती फोनवर. मी दोनदा सांगतलं. तिनं हातानं इशारा केला, थांब म्हणून. मंग पोरगी आली अन् ते राह्यलंच."

फोनवर हसत होती, हातानं थांब म्हणाली, हे मी शिकवलं नव्हतं. यातला एक शब्दही मी सांगितलेला नाही. म्हणजे हे खरंच घडलं असणार, नाही तर इतकं बारीक तिला कुठून सुचेल? आई आयुष्यात कधी खोटं बोललेली मला माहीत नाही. वकीलसुद्धा बाहेर येऊन म्हणाले, "एकदम पक्कं झालं ताई. ते फोनवर हसणं जज साहेबाच्या ध्यानात राहीन." मी त्यांना चहा दिला, सोबत चकली दिली. सरिता संपली.

आत आले तर आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"झालं का तुह्यं?" तिनं विचारलं.

"झालं."

"मंग आता कुठी जाऊ नोको."

मी पंधरा मिनिटं बसले. मग वकिलांचा फोन आला, पेनड्राइव्हमध्ये भरून द्यायला फोटोच्या दुकानात जावं लागलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज माघ पौर्णिमा. आई म्हणाली, विहारात जाणं होत नाही, घरीच वंदना करू. तिला उठवून उशांना टेकवून बसवलं. समोर स्टुलावर मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवला, मेणबत्ती लावली, अंगणातली शेवंती ठेवली. पार्लर आज मी बंद ठेवलं होतं. कबूल केलं होतं म्हणून.

त्रिशरण दोघींनी मिळून म्हटलं. पंचशील आई एकटी म्हणते, लहानपणापासून आमच्याकडे तशीच रीत आहे, ती एकेक शील घेते आणि आम्ही मागून म्हणतो. आवाज अगदी खोल गेलेला, पण प्रत्येक अक्षर स्पष्ट. हिंसेचं झालं, चोरीचं झालं, तिसरं झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे ती थांबली.

मला वाटलं दम लागला. मी पाण्याचा पेला तोंडाशी नेला. तिनं तो हाताने बाजूला केला आणि मेणबत्तीकडे बघत राहिली. मग पाचवं शील म्हणाली, पूर्ण, मध्ये न थांबता. दम लागलेला नव्हता.

वंदना अशी मधूनच तुटलेली मला बरी वाटेना. म्हणून मागे जाऊन चौथं मीच म्हटलं, तिच्यासाठी, मोठ्यानं, नीट उच्चार करून.

आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला. तिच्या हातात आता वजन असं राहिलेलंच नाही.

"तुह्यं तू म्हण माय," ती म्हणाली. "माह्यं राहू दे. मी ते तुले देऊन टाकलं."

मग मी तेलाची बाटली आणली आणि तिच्या डोक्याला तेल लावत बसले, मेणबत्ती संपेपर्यंत. मध्ये वकिलांचा फोन दोनदा वाजला, नोटिशीवर सही पाहिजे म्हणून असेल. मी उचलला नाही.

उद्या उचलीन.